कोणतं शून्य आधी

सर, परवा मी तुमच्या जागी उभी राहून शिकवलं. तुमचा पत्र्याचा हॉल आता नाही. तिथे तीन मजली इमारत झाली आहे, वर्गात एसी आहे, फळ्याच्या शेजारी स्क्रीन आहे. पण लातूरची ती गल्ली तीच आहे, आणि वारा तिकडून असला की दालमिलमधला तुरीचा वास अजून जिन्यापर्यंत येतो. तुम्हाला जाऊन चौदा-पंधरा वर्षं झाली. माझ्यासमोर बसलेली मुलं तुम्ही गेलात तेव्हा नुकती चालायला लागली असतील. त्यांना तुमचं नाव ठाऊक नाही, आणि मलाही ते त्यांच्यासमोर घेणं जमलं नाही.

क्लास आता उमरी चालवतो. तुम्ही आम्हाला गावाच्या नावानंच हाक मारायचात, म्हणून आम्ही एकमेकांनाही अजून तसंच म्हणतो. तो उमरीचा, मी नायगावची. आमच्या बॅचमधला तो सगळ्यात मागच्या बाकावरचा होता, आणि आज त्याच्याकडे फिजिक्स शिकवायला चार माणसं आहेत. त्यातलं एक जूनमध्ये सोडून जातंय. त्या जागेसाठी त्यानं मला विचारलं आहे. कायमची जागा, लातूरमध्येच, गावापासून एसटीनं जाता येईल इतक्या अंतरावर. दुसरीकडे दक्षिणेतल्या एका संस्थेनं मला वर्षभरासाठी संशोधनाची जागा देऊ केली आहे. अशा जागेला पोस्टडॉक म्हणतात. पीएच.डी. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत माणूस ह्या जागांवर राहतो. दोन वर्षं इथे, तीन वर्षं तिथे, मग पुन्हा अर्ज. माझ्या दोन झाल्या, एक परदेशात आणि एक इकडे. ही तिसरी, आणि ती तर एकाच वर्षाची. वयाची पस्तिशी उलटली आहे. उमरी म्हणाला, सोमवारपर्यंत सांग. मला ह्याबाबत कुणाला विचारावं तर तुम्हालाच विचारायला हवं होतं, कारण ह्या प्रश्नावर तुमचं उत्तर मी एकदा ऐकलं होतं आणि ते मानलं नव्हतं.

मी अकरावीला लातूरला आले तेव्हा मला फिजिक्स येत नव्हतं. शाळेत पहिली यायचे ती पाठांतरावर. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला उभं केलंत. फळ्यावर कप्पी काढलेली, कप्पीवरून दोरी, दोरीच्या दोन टोकांना दोन वजनं. प्रवेग किती? खाली चार पर्याय. सगळा हॉल माझ्याकडे बघतोय आणि मी खाली बघते आहे.

"काय गं नायगाव, झोपलीस का?"

"सूत्र आठवून राहिले सर."

"त्या सूत्राला कशाला तकलीफ देतीस? एक वजन काढून टाक. शून्य कर. आता एकच राह्यलं. ते काय करंल?"

"पडंल."

"कसं पडंल? लाजत लाजत?"

हॉल हसला. मी म्हणाले, "सरळ पडंल सर. हातातून दगड सुटल्यावानी."

"हाव. मग हे चारी पर्याय घे, त्यात ते वजन शून्य टाक आन् बघ, दगडावानी कोण पडतंय. जे पडत न्हाई त्याला हाकल भाईर."

दोन पर्याय गेले. मग तुम्ही म्हणालात, आता दोन्ही वजनं सारखी कर, तराजू हलायला नको. आणखी एक गेला. उरलेलं उत्तर बरोबर होतं, आणि सूत्र मला अजूनही आठवलेलं नव्हतं. त्या दिवशी मी खाली बसले आणि वहीत तेच चार पर्याय पुन्हा तपासले. एखाद्या गोष्टीला टोकापर्यंत नेऊन विचारलं की ती खरं बोलते, हे मला कुणी तोपर्यंत सांगितलं नव्हतं.

बाकीच्या क्लासचे लोक तुम्हाला ट्रिकवाले सर म्हणायचे. परीक्षेपुरत्या हिकमती शिकवतात, विषय शिकवत नाहीत, असं बोललं जायचं. तुम्हाला ते माहीत होतं आणि तुम्ही कधी त्याला उत्तर दिलं नाहीत. पुष्कळ वर्षांनी मी पीएच.डी.साठी एका मोठ्या संस्थेत गेले. तिथल्या पहिल्याच व्याख्यानात कुणीतरी फळाभर गणित मांडलं. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी हात वर केला आणि विचारलं, "तुमच्या ह्या कणांचा एकमेकांवरचा परिणाम शून्य केला तर काय येतं?" मी शेवटच्या रांगेत होते आणि मला एकदम पत्र्याच्या हॉलमधला कूलरचा आवाज ऐकू आला. तुम्ही आम्हाला जे शिकवत होतात त्याला तिथे कुणी ट्रिक म्हणत नव्हतं. ही गोष्ट तुम्हाला सांगायला हवी होती, पण तोवर तुम्ही नव्हता.

तुमच्या स्वयंपाकघराची आठवण मात्र वेगळी आहे. अकरावीच्या पावसाळ्यात मला कावीळ झाली आणि मेसचं जेवण बंद झालं, तेव्हा तुमच्या घरून काकूंनी निरोप पाठवला की त्या पोरीला दोन्ही वेळा इकडं जेवायला पाठवा. हॉलच्या मागेच तुमचं घर. मी भिंतीला टेकून बसायचे, काकू मला बिनतेलाचं वरण आणि भाकरी वाढायच्या आणि तुम्ही शर्टाच्या बाह्या वर करून पाटावर बसलेले असायचात. तिथे तुम्ही परीक्षेबद्दल चकार शब्द बोलायचा नाहीत. एकदा काकूंनी तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं आणि थेंब इकडून तिकडे पळायला लागले. तुम्ही हातातला घास तसाच धरून म्हणालात, "बघ, बघ. पळून राहिला, पण जळून न्हाई राहिला. तवा इतका तापला तर लगेच उडून जायला पायजे का न्हाई?" मी बघत राहिले. काकू म्हणाल्या, "दोघांचं बघून झालं असंल तर मी भाकरी टाकू का?" तुम्ही म्हणालात, "थांब की गं, एकदा शिंपड अजून." त्यांनी शिंपडलं. त्या असं म्हणायच्या आणि तसं करायच्या.

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला आणि मला एम.बी.बी.एस.ला सहज प्रवेश मिळेल इतके गुण पडले. आमच्या गावातून तोवर कुणी मुलगी डॉक्टर झालेली नव्हती. मी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं की मला नांदेडला बी.एस्सी. करायचं आहे, फिजिक्समध्ये. ते चिडले नाहीत. शेतातून आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, सर म्हणतील तसं करू. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं लातूरला आलो. तुम्ही बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतात. दादा खुर्चीवर बसले नाहीत, सतरंजीवर बसले.

"सर, पोरगी म्हणून राहिली की तिला डॉक्टर व्हायचं न्हाई. तुमचाच विषय शिकते म्हणती. तुमी सांगा."

तुम्ही आधी हसलात. मग माझ्याकडे बघितलंत आणि हसणं थांबलं.

"येडी झाली का तू? काय करशील फिजिक्स शिकून? माझ्याकडं बघ. मी बी नांदेडलाच शिकलो. गोल्ड मेडल हाय माझं, पेटीत हाय. सकाळच्या सहाच्या बॅचला घसा बसतो आन् संध्याकाळपर्यंत बसलेलाच राहतो. लोक ट्रिकवाला म्हणतात. माझ्यासारखं व्हायचंय तुला? माझ्यासारखं होऊ नको. दादा, हिचं ऐकू नका. मेडिकलला टाका."

तुमचा आवाज इतका चढलेला मी वर्गातही कधी ऐकला नव्हता. दादांनी मान हलवली. विषय संपला होता. मी सहसा मोठ्यांसमोर बोलत नाही, तेव्हा तर अजिबात बोलत नसे. पण मी विचारलं, "सर, तुम्हाला आता परत बारावीनंतर शिकायला मिळालं, तर तुम्ही काय घ्याल?"

तुम्ही वर्तमानपत्राची घडी घातलीत, पुन्हा उलगडलीत. आतून काकूंचा आवाज आला, "तेच घेतील की. दुसरं काय येतंय त्यांना?"

दादा हसले. आधी थोडं, मग तोंडावर उपरणं धरून. तुम्हीही हसाल असं वाटलं होतं, पण तुम्ही उठून उभे राहिलात आणि म्हणालात, "मग भोगा." आणि आत निघून गेलात. काकूंनी चहा आणला. दादा बशीतून चहा पिता पिता मला म्हणाले, "सरांनी उत्तर दिलं न्हाई ना. मग झालं."

पुढच्या आठवड्यात नायगावच्या एसटी स्टँडवर तुमचा निरोप घेऊन एक कंडक्टर आला, तुमचाच जुना विद्यार्थी. त्याच्याकडे सुतळीनं बांधलेला एक मोठा गठ्ठा होता. क्लासच्या जुन्या चाचण्यांच्या उरलेल्या प्रश्नपत्रिका, एका बाजूला छापलेल्या, दुसरी बाजू कोरी. कंडक्टर म्हणाला, "सर म्हणले, तिला सांग, हे पाठकोरे हायत. कच्चं काम करायला लागतील. लई लागतील म्हणले." बाकी काही नाही. मी नांदेडला पाच वर्षं ते कागद वापरले. माझं पहिलं खरं गणित, म्हणजे पुस्तकात उत्तर नसलेलं, त्या कागदांच्या मागच्या बाजूला झालं. पान उलटलं की कप्पी आणि चार पर्याय.

त्यानंतर तुमची भेट झाली ती एकदाच. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. काकूंचा फोन आला की तुम्हाला नांदेडला दवाखान्यात आणलं आहे, किडनीचं दुखणं आहे. मी ऑटोनं आले. तुम्ही खिडकीजवळच्या कॉटवर आहात, पाय सुजलेले, हाताला सलाईन. काकू स्टुलावर बसून मोसंबी सोलत आहेत. मी कॉटच्या पायथ्याशी उभी आहे, आणि तुम्ही विचारता, "काय शिकून राहिलीस आता?"

मी सांगते. एक तार घ्यायची आणि ती बारीक करत न्यायची, इतकी बारीक की तिच्यातून इलेक्ट्रॉन एकेरी रांगेनंच जाऊ शकतील. अशा तारेतून करंट कसा जातो, ते शिकते आहे.

"तारेत अडथळे किती?"

"एक बी न्हाई सर. शून्य."

"मग रेझिस्टन्स शून्य." तुम्ही डोळे मिटलेत, म्हणजे प्रश्न सुटला.

"न्हाई सर. थोडा उरतो."

डोळे उघडले. "असं कसं?"

"जाड तारेतून बारीक तारेत शिरताना तो लागतो. आतली वाट सगळी मोकळी असली तरी. दारावर लागतो."

तुम्ही कोपरावर उठायला लागलात. काकू म्हणाल्या, "पडून राहा. डॉक्टरनं बोलू नका म्हणलंय."

"अगं, ही म्हणून राहिली, सगळे अडथळे काढले तरी अडतंय!"

"मग अडू द्या की."

तुम्ही मला म्हणालात, पुन्हा येशील तेव्हा कागद घेऊन ये, मांडून दाखव, तोपर्यंत मी मानत नाही. मला आठवतं, तुमचा चेहरा आजारी माणसाचा राहिला नव्हता. मी वसतिगृहावर जाऊन सगळं नीट मांडलं, तुम्हाला समजेल अशा पायऱ्या करून. पण त्याच आठवड्यात तुम्हाला लातूरला परत नेलं. माझी परीक्षा सुरू होती. ती संपायच्या आत तुम्ही गेलात. न मानताच गेलात.

मी त्यानंतर जे करत आले ते ह्याच तारेचं काम आहे, सर. प्रयोग नाही, फक्त कागदावरचं आणि संगणकावरचं. माझ्या शेवटच्या जागेवर मी तीन वर्षं एकच प्रश्न धरून होते. बारीक तारेतले इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. ते ढकलणं धरून करंट किती येईल? माझं उत्तर असं आलं की एका विशिष्ट मांडणीत करंट पूर्ण बंद पडतो. थोडासाही जात नाही. असं आधी कुणी दाखवलेलं नव्हतं. माझे गाईड सहसा काही बोलत नाहीत, पण त्यांनीही ते दोन-तीन ठिकाणी लोकांना सांगितलं. एका संस्थेत कायमच्या जागेची मुलाखत ठरली आणि तिथल्या व्याख्यानाचा सगळा भर मी ह्याच उत्तरावर ठेवला.

मुलाखतीच्या साधारण दीड आठवडा आधी, एका सकाळी, मी व्याख्यानासाठी आलेख पुन्हा काढत होते. आलेखाच्या डाव्या टोकाला ढकलणं शून्य. तिथे काय येतं ते आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. मी तुम्हाला दवाखान्यात सांगितलं होतं तेच, दारावरचा तेवढा रेझिस्टन्स. सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तो एक बिंदू मी पुस्तकातून आणून ठेवला होता. बाकीचे सगळे बिंदू माझ्या सूत्रातून आले होते, तो एक नाही. आमच्या कामात अशी चूक होते. जे सगळ्यांना माहीत असतं तिथे आपलं सूत्र चालवून बघायचं राहून जातं. त्या सकाळी मी काही शंका आली म्हणून नव्हे, नुसतं नीटनेटकं व्हावं म्हणून तो बिंदूही सूत्रातून काढला. करंट शून्य आला. मोकळ्या तारेत, कुणी कुणाला ढकलत नसताना, करंट बंद. म्हणजे बंद पडण्याशी माझ्या मांडणीचा काही संबंधच नव्हता. माझं सूत्र सगळीकडेच करंट मारत होतं.

चूक कुठे आहे ते दुपारपर्यंत कळलं. आमच्या गणितात दोन गोष्टी शून्याकडे न्याव्या लागतात. बाहेरून लावलेला, इलेक्ट्रॉनांना मागेपुढे हलवणारा विजेचा धक्का अगदी संथ करायचा, आणि तारेची टोकं इतकी लांब न्यायची की त्यांचा परिणाम उरू नये. आधी टोकं लांब नेली आणि मग धक्का संथ केला, तर करंट वाहतो. पण आधी धक्काच संथ केला, तर इलेक्ट्रॉनांना टोकापर्यंत पोचायला हवा तेवढा वेळ मिळतो. ते तिथे साठतात आणि सगळं शांत होतं. मी फार मागे, एका ओळीत गणित सोपं व्हावं म्हणून, संथपणाचं शून्य आधी टाकलं होतं. शून्य दोन्ही बरोबर होती. कोणतं आधी, ते चुकलं होतं.

गाईडना दाखवलं. त्यांनी ती ओळ दोनदा तपासली. मग म्हणाले, "बरं झालं तुम्हाला सापडलं. पेपर पाठवण्याच्या आधी सापडलं." आणि कागद परत देताना, "मुलाखतीत जुनं काम सांगा." मी जुनं काम सांगितलं. समितीतल्या एका बाईंनी विचारलं की गेल्या तीन वर्षांतलं नवं काय. मी म्हणाले, जे नवं वाटलं होतं ते चुकीचं निघालं, दुरुस्त करते आहे. त्यांनी विचारलं, किती वेळ लागेल. मी म्हणाले, सांगता येत नाही. त्या वाईट बोलल्या नाहीत. उलट पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. महिन्याभरानं कळवलं की निवड झाली नाही. आणि नंतर, सर, मला ते गणित उघडवेना. कितीतरी आठवडे झाले, मी ती फाईल उघडलेली नव्हती. उमरीचा फोन आला तो अशा वेळी.

त्यानं आधी एक लेक्चर घेऊन बघ म्हटलं. मी गेले. खडू हातात आल्यावर बरं वाटलं. मी कप्पी काढली, दोरी काढली, दोन वजनं. एक शून्य करा, मी म्हणाले, आता काय होईल? मुलं म्हणाली, पडेल. मला छान वाटत होतं, सर. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दोन्ही शून्य केली तर?"

उमरी मागे उभा होता, तो म्हणाला, "दोन्ही शून्य केल्यावर राह्यलं काय? घरी जायचं." मुलं हसली. मुलगी हसली नाही. "पण मॅडम, सूत्रात टाकून बघितलं तर खाली बी शून्य, वर बी शून्य येऊन राहिलं."

मी फळ्याकडे वळले. इतकी वर्षं हे उदाहरण मला पाठ आहे आणि मी कधी तिथे गेले नव्हते. मी म्हणाले, "डावं आधी शून्य कर. आता उजवं पडतंय, दगडासारखं. मग उजवं हलकं करत जा, हलकं, आणखी हलकं. कितीही हलकं केलं तरी ते तसंच पडतंय. आता उलट कर. उजवं आधी. मग डावं पडेल." मुलगी म्हणाली, "मंजे दोन उत्तरं?" मी म्हणाले, "कोणतं शून्य आधी टाकलंस त्यावर आहे." आणि ह्या एका गोष्टीवर माझा उरलेला सगळा तास गेला. बाहेर आल्यावर उमरी म्हणाला, "नायगाव, शिकवलंस झकास. पण नीटला हे येत न्हाई, बाई. एवढ्या वेळात मी अर्धा चॅप्टर काढतो." मग म्हणाला, "सरांसारखं हातवारे करतीस. जागा तुझीच हाय, घे."

तिथून मी काकूंकडे गेले. त्या आता मुलाकडे असतात, नजर कमी झाली आहे, मला आवाजावरून ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू हितं आलीस तर मला लई बरं वाटंल. पण त्येंना वाटलं नसतं. माझ्यासारखं होऊ नको म्हणले होते ना तुला? नाराज झाले असते." मी म्हणाले, आता सर नाहीत ना काकू. "हाव," त्या म्हणाल्या, "म्हणून मी सांगून राहिले. मला त्येंचं सांगावंच लागतं."

आज सोमवार. सकाळी मी उमरीला फोन करून नाही म्हटलं. तो म्हणाला, "पस्तावशील." मी म्हणाले, असेल. दादा अंगणात खाट टाकून बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं. आता त्यांना कमी ऐकू येतं, पण हे ऐकलं. "काम उरलंय का तिकडं?" मी म्हणाले, हो. "मग जा," म्हणाले, आणि रेडिओ लावला. नंतर काकूंना फोन केला. त्या रडल्या. म्हणाल्या, "त्येंच्या शब्दाचा मान राखलास बाई. इतक्या वर्षांनी राखलास." मी म्हणाले, हो काकू.

हे पत्र कुठे पाठवायचं म्हटलं तर तुमच्या मुलाच्या पत्त्यावरच पाठवावं लागेल, आणि तिथे ते काकूंना कुणीतरी वाचून दाखवील. म्हणून ते पाठवणार नाही. कारण तसं नव्हतं, सर. परवा लातूरहून एसटीत बसले तेव्हा मला एकदम दिसलं की टोकं आधी लांब नेऊन ते गणित कसं मांडता येईल. नांदेड येईपर्यंत मी मनात तेच करत होते, स्टँडवर गाडी बदलली तेव्हाही, आणि आज सकाळी फोन लावला तेव्हाही. उत्तर काय येईल मला माहीत नाही. बहुतेक साधंच काहीतरी येईल, ज्यावर कुणी नोकरी देणार नाही. मला ते बघायचं आहे, एवढंच. काकूंना वाटतं मी तुमचा शब्द पाळला. पण उमरीला नाही म्हणताना मला तुमची आठवणसुद्धा झाली नव्हती. मी पुढची ओळ मांडत होते.